गुडघे, पंगत आणि मंडळी

मराठीत 'मंडळी' हा शब्द फार गमतीचा आहे. भाषण सुरू करताना लोक 'तर मंडळी' म्हणतात. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणायचे. लग्नात वऱ्हाडी मंडळी असतात, गणपतीत घरची मंडळी जमतात. आणि मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो तेव्हा त्याला चर्च म्हणायचं असतं. विटामातीचं चर्च नाही, तर तिथे दर रविवारी जमणारी माणसं. 'मंडळीने प्रार्थना केली', 'मंडळी भेटायला आली', 'मंडळीत वाद झाला'. ज्या शब्दाने आपण जेवायला बसलेले लोक मोजतो, त्याच शब्दाने ते देवाची सभा मोजतात.

मी ख्रिस्ती नाही. प्रार्थना करायची सवयही मला नाही. पण गेली काही वर्षं मी मराठी ख्रिस्ती साहित्य वाचते आहे आणि त्यावर लिहिलेलं इतरांचं लेखनही. त्या लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे. आपण या साहित्यातल्या दोनच गोष्टी पाहतो. एक, धर्मांतर का केलं, म्हणजे विचार. दुसरी, मराठी किती गोड आहे, म्हणजे भाषा. ना. वा. टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून पाठ्यपुस्तकात बसवलं, लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाचं कौतुक केलं, पंडिता रमाबाईंना समाजसुधारकांच्या रांगेत उभं केलं, आणि झालं. या सगळ्यांनी आयुष्यभर जी गोष्ट रोज केली, म्हणजे प्रार्थना, तिच्याकडे समीक्षा बघतच नाही. बघितलंच तर प्रार्थना ही मनातल्या मनात घडणारी, शब्दांची गोष्ट आहे असं समजून बघते.

माझं म्हणणं असं आहे, की या लेखनात प्रार्थना आधी अंगाने होते. गुडघ्यांनी, हातांनी, घशाने, पोटाने. आणि अंगाने होते म्हणूनच ती एकट्याने होत नाही. अंगाने प्रार्थना करणं आणि माणसांचा आधार मिळणं हे इथे दोन वेगळे विषय नाहीत. कसं, ते पुस्तकांतूनच बघू.

पोटातून आलेला विश्वास

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं. तुम्ही ते वाचलं नसेल तर आधी तेच वाचा, हा लेख नंतर वाचलात तरी चालेल. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या जवळच्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटायची. धुणं, पुन्हा धुणं, ओलेत्याने वावरणं. लेकरांच्या अंगावर त्याचा कहर व्हायचा. लक्ष्मीबाई हे हसतहसत सांगतात, त्यामुळे वाचणारा पण हसतो आणि पुढे सरकतो.

मला वाटतं इथे थांबायला हवं. सोवळं हीसुद्धा अंगाने केलेली प्रार्थनाच आहे. कोण कुठे बसलं, कोणी काय शिवलं, कोणाच्या हातचं पाणी प्यायलं, या सगळ्याचा हिशोब अंग ठेवतं. फक्त या प्रार्थनेत दुसरं माणूस म्हणजे धोका. जितकं पवित्र व्हायचं तितकं एकटं व्हायचं. वडिलांचं वेड म्हणजे या नियमाचं शेवटचं टोक. सगळं जग बाहेर आणि आत ओलेत्याने थरथरणारं एक अंग.

आता नवऱ्याकडे बघा. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाने हलून गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे टिळक पुस्तकातून ख्रिस्ताकडे गेले. वाचन, विचार, निर्णय असा तो रस्ता. आपल्या समीक्षेला हा रस्ता ओळखीचा आहे, म्हणून ती टिळकांबद्दल नीट बोलू शकते.

लक्ष्मीबाईंचा रस्ता वेगळा. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या दूर राहिल्या. मग अहमदनगरला त्याच्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं शाबूत. नवरा दिसतो, बोलतो, पण एकत्र जेवता येत नाही अशी ती अवस्था. मग एका रात्री विचार करता करता त्यांच्या लक्षात येतं, की देवाने पुरुष आणि बाई एवढंच केलंय, जाती माणसांनी केल्यात. आणि या शोधाचा निष्कर्ष त्या काय काढतात? अमुक एक मत मान्य, तमुक अमान्य, असं काही नाही. उद्यापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. इतकंच.

हा निर्णय डोक्याने एका रात्रीत घेतला. शरीराला मात्र तो पचवायला वेळ लागतो. लहानपणापासून शिकवलेलं अंग असं चटकन ऐकत नाही. 'स्मृतिचित्रे'तला हा भाग आपण जातिभेदविरोधी 'विचार' म्हणून वाचतो. मी तो आता प्रार्थना म्हणून वाचते. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांची खरी उपासना त्याआधीच सुरू झाली होती. दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायच्या क्षणी. श्रद्धा त्यांच्या बाबतीत घशाखालून उतरली.

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी प्रभुभोजन आहे, म्हणजे एकत्र भाकर मोडून खाणं. आपल्या भाषेत सांगायचं तर पंगत. ज्या समाजात पंक्तिभेद हा रोजचा शब्द होता, तिथे एका पंगतीला बसण्याची ही उपासना काय उलथापालथ करत असेल, ते लक्ष्मीबाईंच्या शरीरावर दिसतं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात विश्वासणारे हे एकाच शरीराचे अवयव आहेत, असं रूपक येतं. लक्ष्मीबाईंपुढे ते रूपक म्हणून उभं राहिलं नसावं. ते ताटात वाढून आलं.

जमिनीवर बसलेलं चर्च

मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये बाकं होती. परदेशी चालींवर बसवलेली मराठी गाणी होती. बाकावर बसून, हातात पुस्तक धरून, पाश्चात्त्य चालीत शब्द कोंबत गायचं. टिळकांना यातलं काय खुपलं असेल, हे त्यांच्या कामावरून कळतं. त्यांनी शेकडो भजनं आणि पदं लिहिली. मराठी मंडळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची गीतं आजही भरभरून आहेत. आणि त्यांनी कीर्तन हा प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणायचा आग्रह धरला. पुढे लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनं करू लागल्या.

याला 'भारतीयीकरण' असं नाव देऊन आपण मोकळे होतो. जणू तोच माल, फक्त वेष्टन देशी. पण कीर्तनाचं वेष्टन होत नाही, कारण कीर्तन अंगाला वेगळं काहीतरी करायला लावतं. कीर्तनकार उभा असतो, हातवारे करतो, मागे वळतो, साथीदाराकडे बघतो. श्रोते जमिनीवर, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल असे. टाळ्यांचा ठेका सगळ्यांचा मिळून एक. ध्रुपद श्रोत्यांनी उचललं नाही तर कीर्तन पडतं. बाकावर बसलेल्या माणसाला शेजाऱ्याशिवायही उपासना पार पाडता येते, कीर्तनात ती सोय नाही. टिळक फक्त चाल बदलत नव्हते. ते देहाची बसण्याची पद्धत बदलत होते, आणि ती बदलली की माणसांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं.

हे त्यांनी शोधून काढलं असंही नाही. त्यांच्या तीनशे वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणं आठवायची, त्यांच्या जागी काहीतरी द्या असं ते म्हणायचे, आणि त्यातून हे पुराण आलं. पुराणात मध्येमध्ये श्रोते पाद्रीगुरूला प्रश्न विचारतात, गुरू उत्तरं देतो. म्हणजे एकट्याने मनात वाचण्याचा हा ग्रंथ नव्हेच. चर्चमध्ये जमलेल्यांसमोर मोठ्याने म्हणायचा, ऐकायचा ग्रंथ. १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी 'क्रिस्तपुराण' उरलं, कारण गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितं जपली. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. जो ग्रंथ लोक मिळून म्हणतात, तो छापील प्रती नाहीशा झाल्या तरी टिकू शकतो.

टिळकांनी शेवटी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा असणार होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि त्यात ६४ अध्यायांची भर घालून पुरं केलं. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने. हे नुसतं पतिप्रेम म्हणून सांगितलं जातं. मला त्यात कीर्तनाचा नियम दिसतो. एकाने ओळ टाकली, दुसऱ्याने उचलली.

केडगावची बादली

आता जो प्रसंग सांगणार आहे, तो मराठी साहित्याच्या चर्चेत जवळजवळ कधी येत नाही. जगभरातले ख्रिस्ती इतिहासकार मात्र त्यावर लिहितात. जागा पुण्याजवळची. दौंड तालुक्यातलं केडगाव, रमाबाईंचं 'मुक्ती'.

रमाबाईंना भूक पुस्तकातून माहीत नव्हती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. त्यानंतर त्या आणि भाऊ पुराणं सांगत देशभर पायी हिंडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. केडगावची वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, सगळं मुली आणि बायका चालवायच्या. बायबलचं जे मराठी भाषांतर रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत रेटलं, ते याच छापखान्यात मुलींच्या हातांनी खिळा खिळा जुळवून छापलं गेलं.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं. सत्तरेक आल्या. महिन्यांत आकडा पाचशेच्या पुढे गेला. २९ जूनच्या रात्री वसतिगृहातल्या एका मुलीला अंगात आग पेटल्यासारखं झालं. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी लिहून ठेवलंय, की शेजारच्या मुलीला ती खरोखर ज्वाळांनी वेढलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय शिकवत होत्या. मुली एकदम मोठ्याने रडायला आणि प्रार्थना करायला लागल्या. आवाज एवढा, की रमाबाईंना थांबावं लागलं. पुढे कित्येक महिने हे चाललं. थरथरणं, जमिनीवर कोसळणं, टाळ्या, नाच, शेकडो मुलींनी एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्याने म्हणणं.

त्या वेळी वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत असंच घडत होतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये अझुसा स्ट्रीटवर जे घडलं, आणि जिथून पेंटेकॉस्टल चळवळीची गोष्ट बहुतेक वेळा सुरू केली जाते, ते पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये. एब्रम्सबाईंनी केडगावचा अनुभव पुस्तिकेत लिहिला. ती त्यांनी चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली आणि तिथल्या चळवळीला त्यातून चालना मिळाली. दौंड तालुक्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या रडण्याचा आवाज दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, आणि मराठीत आपण त्यावर कादंबरी सोडा, साधी चर्चासुद्धा केलेली नाही.

त्या वेळच्या काही मिशनऱ्यांना हे आवडलं नाही. उन्माद म्हणाले. रमाबाईंनी त्यांच्या नियतकालिकातून उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की चांगले शिकलेले इंग्रज स्त्रीपुरुषही अशा वेळी अंगावरचा ताबा गमावतात हे मी पाहिलंय, आणि पवित्र आत्म्याने भारतीय ख्रिस्ती लोकांमध्ये मोकळेपणी काम करायला हरकत काय? ही बाई संस्कृत पंडिता. आयुष्यभर युक्तिवाद केलेली. शिवाय तरुणपणापासून तिला कमी ऐकू यायचं, त्यापायी इंग्लंडमध्ये वैद्यकी शिकायचा बेत सोडावा लागला होता. अशी व्यक्ती शेकडो कंठांच्या गदारोळाची बाजू घेते, हे मला विलक्षण वाटतं. आवाजातले शब्द तिला किती कळत असतील? पण हलणारी अंगं तिला दिसत होती. ती कुठून आली होती, कोणत्या भुकेतून आणि कसल्या छळातून, तेही माहीत होतं. ज्या अंगांवर इतकं घडलंय, त्यांनी नीट ओळीत बसून हळू आवाजात प्रार्थना करावी, ही अपेक्षा तिने नाकारली.

या सगळ्या प्रसंगात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बादली. जळणारी मुलगी इतिहासात गेली. पण शेजारची उठून पाण्यासाठी धावली, ते का? कारण ती शेजारीच झोपली होती. जागी होती. दिसलेलं खरं की भास, याचा विचार करायला ती थांबली नाही. अंगाने केलेल्या प्रार्थनेला मंडळी का लागते याचं यापेक्षा सोपं उत्तर मला सापडलेलं नाही. अंग पेटू शकतं, म्हणून शेजारी बादली घेऊन धावणारं कोणीतरी हवं.

पण लिहिलं कोणी?

इथे थांबून दोन अडचणी मांडायला हव्यात, नाहीतर हा लेख भाबडा होईल.

पहिली. केडगावच्या मुलींचं आपण जे वाचतो ते रमाबाईंनी किंवा परदेशी बायांनी लिहिलेलं. त्या मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं या चर्चेत दिसत नाही. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. जिच्याकडे जेवण आहे तिच्याच घरात प्रार्थना सुरू झाली, शेजारच्या पाचशेजणी रडायला लागल्या, तर सहाव्या शतकातली पहिली, म्हणजे पाचशेएकावी, रडल्यावाचून राहू शकत होती का? मंडळी आधार देते तशी दडपणही आणते. शरीर गर्दीत पटकन वाहून जातं, ही त्याची ताकद आणि तोच धोका. आज मोबाइल उघडला की चंगाई सभांचे व्हिडिओ येतात. मंचावरचा माणूस हात लावतो आणि समोरचा कोसळतो. कॅमेरा कोसळणाऱ्यावर असतो. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी कोणी गेलं का, औषध चालू आहे का विचारलं का, हे व्हिडिओत नसतं. बादलीशिवायची आग असं मी त्याला म्हणेन.

दुसरी अडचण जातीची. मी इथवर ज्यांची नावं घेतली ते मराठी लेखक जन्माने ब्राह्मण आहेत. अहमदनगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार आणि मांग समाजांतून आलेले. लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं, ही त्यांची प्रार्थना. पण ज्या बाईला सोवळं कधी मिळालंच नव्हतं, जिच्या सावलीचा विटाळ मानला जायचा, तिने पहिल्यांदा चर्चमध्ये सगळ्यांसोबत गुडघे टेकले तेव्हा तिच्या अंगाला काय वाटलं? तिला काहीच सोडायचं नव्हतं, तिला जागा मिळत होती. हा अनुभव अगदी उलट टोकाचा आहे आणि आपल्या गाजलेल्या आत्मचरित्रांत तो नाही. शिवाय ती जागाही दर वेळी मिळालीच असं नाही. तमिळ प्रदेशातल्या चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळं बसवल्याचा इतिहास आहे. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस कागदावर अनुसूचित जातीत मोडत नाही, गावात मात्र मोडतो. शीख आणि बौद्धांचा त्या आदेशात नंतर समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. प्रार्थनेतलं शरीर आणि सरकारी फॉर्ममधलं शरीर यांचा मेळ अजून बसलेला नाही.

या अडचणींमुळे माझं म्हणणं खोटं ठरत नाही. उलट त्यातून एक कसोटी हाती येते. अंगाने केलेली प्रार्थना खरी की देखावा, हे अंग किती हललं यावरून ठरत नाही. त्या अंगाच्या शेजारी कोणाला बसू दिलं आणि सभा संपल्यावर कोण थांबलं, यावरून ठरतं.

खुर्चीतली मावशी

हे मी नुसतं पुस्तकांवरून बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा बरेच दिवस आयसीयूत होते. नातेवाईक यायचे, 'काही लागलं तर सांग' म्हणायचे आणि जायचे. एका संध्याकाळी माझी नगरची मैत्रीण तिच्या मंडळीतल्या एका मावशींना घेऊन आली. मावशींनी आधी विचारलं, 'मी प्रार्थना केली तर चालेल का गं?' मी मान हलवली. त्यांनी कॉरिडॉरमध्येच, बाकड्याशेजारी गुडघे टेकले आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. लोक वळून बघायला लागले. मला अवघडल्यासारखं झालं. आजही तसा आवाज मला नको वाटतो.

प्रार्थना संपली. गुडघ्याला हात लावून त्या उठल्या, डबा उघडला, मला दोन घास खायला लावले. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत म्हणाल्या, 'तू झोप जरा. मी आहे इथे.' आणि रात्रभर त्या खुर्चीत बसून राहिल्या. दुसऱ्या रात्री मंडळीतल्या दुसऱ्या काकू आल्या, तिसऱ्या रात्री एक काका. त्यांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या. मला कोणी बायबल दिलं नाही, चर्चला ये म्हणाले नाही.

त्यानंतर मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं. या वेळी मला मतांतराच्या पानांपेक्षा कोण कोणासाठी रांधतं, कोण कोणाचं मूल सांभाळतं, हीच पानं जास्त दिसली. ती आधीही तिथेच होती.

मोबाइलमधलं ध्यान

शरीराशी दोस्ती करा, असं आता सगळेच सांगतात. श्वासाचं ॲप आहे, ध्यानाचं ॲप आहे, योगाचे रील्स आहेत. मीही वापरते. त्यांचा फायदाही होतो. पण त्या सगळ्यांत खोलीचं दार लावून घ्यायचं असतं, कानात इअरफोन घालायचे असतात आणि दुसरं माणूस म्हणजे व्यत्यय असतो. माझ्या डोळ्यांपुढे मग लक्ष्मीबाईंचे वडील येतात. स्वच्छ, सावध आणि एकटे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्या मैत्रिणीच्या मंडळीची उपासना झूमवर व्हायची. तिने सांगितलेली एक गोष्ट अशी, की प्रवचन ठीक चालायचं, वाचनही चालायचं, पण गाणं जमायचं नाही. आवाज मागेपुढे पोहोचायचे, सगळा गोंधळ व्हायचा. शेवटी एकजण गायचा आणि बाकीचे माइक बंद करून आपापल्या घरात गायचे. 'तोंड हलताना दिसायचं सगळ्यांचं, पण ऐकू फक्त स्वतःचंच यायचं,' ती म्हणाली.

मराठी समीक्षेने मराठी ख्रिस्ती साहित्याचं आजवर हेच केलंय असं मला वाटतं. तोंडं हलताना पाहिली, शब्द टिपून घेतले, पण माइक बंद ठेवून. हे साहित्य पुन्हा वाचताना टिळकांची गाणी कोणीतरी जमिनीवर बसून, चारजणांत, टाळ्यांवर म्हणून बघावीत. 'स्मृतिचित्रे'तल्या चुली मोजाव्यात. केडगावच्या मुलींबद्दलचे जुने कागद मराठीत आणावेत. नगर-राहुरीकडच्या मंडळ्यांमधल्या आज्यांना, त्यांच्या आज्या कशा गुडघे टेकायच्या आणि शेजारी कोण बसायचं, ते विचारावं. त्या आज्या अजून आहेत. पण फार वर्षं असतील असं नाही.